न्यूरोफीडबॅक लावण्याआधी: ऑटिझम असलेल्या मुलांच्या नव्या आईबाबांसाठी

मुलाचं निदान होऊन महिना-दोन महिने झालेले असतात. घरात कुणाची धड झोप झालेली नसते. अशात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहितं, ‘आम्ही न्यूरोफीडबॅक लावलं, खूप फरक पडला.’ खाली सेंटरचा नंबर. मी रात्री अकरा वाजता असाच एक नंबर सेव्ह केला होता. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. पाच-सहा शब्द बोलायचा, रात्री दोनला उठून बसायचा आणि शर्टाची कॉलर चावून चावून ओली करायचा. पुढे आम्ही २४ सेशन केली. त्या काळात जे कळलं, वाचलं आणि थोडं उशिरा विचारलं, ते इथे लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला ते वेळेवर विचारता येईल.

माझं मत आधीच सांगते. ऑटिझमच्या मूळ अडचणी, म्हणजे संवाद, इतरांशी देवाणघेवाण, ठरावीक गोष्टींचा हट्ट, न्यूरोफीडबॅकने कमी होतात असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा आज नाही. त्यामुळे ही पहिली थेरपी म्हणून कुणीही लावू नये. बाकीचं सगळं जागेवर असेल, पैशाची ओढाताण होणार नसेल आणि मुलाला त्रास होत नसेल, तर ठरावीक मुदतीसाठी करून बघायला माझी हरकत नाही. फक्त मग डोळे उघडे ठेवून करायचं. ते कसं, ते पुढे.

हे असतं तरी काय

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा अगदी क्षीण वीज तयार होते. ती डोक्याच्या कातडीवरून मोजता येते. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा असा पहिला आलेख घेतला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यालाच आपण ईईजी म्हणतो. ही वीज मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. टीव्हीच्या रिमोटमधला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, त्यावरून अंदाज येईल. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

या लहरी सेकंदाला किती वेळा वरखाली होतात त्यावरून त्यांना नावं दिली आहेत. गाढ झोपेतल्या सगळ्यात संथ त्या डेल्टा. साधारण ४ ते ८ थीटा, ८ ते १२ अल्फा, त्यापुढे ३० पर्यंत बीटा. न्यूरोफीडबॅकमध्ये मुलाच्या डोक्याला एक-दोन किंवा जास्त सेन्सर पेस्टने चिकटवतात किंवा सेन्सरची टोपी घालतात, कानाच्या पाळ्यांना क्लिप लावतात आणि समोर एखादा गेम किंवा कार्टून लावतात. ठरवलेली लहर हवी तेवढी वाढली, किंवा नको असलेली कमी झाली, की चित्र स्वच्छ दिसतं, आवाज मोठा होतो. उलट झालं की चित्र अंधुक होतं किंवा थांबतं. बक्षीस मिळतं त्या दिशेनं मेंदू हळूहळू वळावा, ही त्यामागची कल्पना. डोक्यात बाहेरून वीज सोडली जात नाही. ही गोष्ट आजी-आजोबांना आधीच नीट समजावून सांगा. आमच्या घरात ‘पोराला शॉक देणार’ या भीतीनं दोन दिवस कुणी जेवलं नव्हतं.

एक काळजी मात्र घ्या. काही ठिकाणी याच नावाखाली डोक्यात सौम्य करंट किंवा चुंबकीय स्पंदनं सोडणारी यंत्रंही वापरतात. ते न्यूरोफीडबॅक नव्हे, वेगळीच गोष्ट आहे. ‘यंत्र फक्त वाचतं की काही सोडतं?’ हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारायचा.

ही कल्पना आली कुठून

मांजरांपासून. १९६० च्या दशकात अमेरिकेत बॅरी स्टर्मन या संशोधकांनी मांजरांना एक ठरावीक लहर, सेकंदाला १२ ते १५ वेळा होणारी, वाढवायला शिकवलं. लहर वाढली की खाऊ मिळायचा. पुढे दुसऱ्याच कामासाठी, रॉकेटच्या इंधनातलं एक विषारी रसायन किती घातक आहे हे बघायला मांजरांवर प्रयोग झाले. त्या रसायनानं फिट येते. आधी शिकवलेल्या मांजरांना फिट यायला इतर मांजरांपेक्षा जास्त वेळ लागला. मग १९७२ च्या सुमारास अपस्माराच्या रुग्णावर हे करून पाहण्यात आलं, सत्तरच्याच दशकात अतिचंचल मुलांवर, आणि ऑटिझमपर्यंत ते बरंच नंतर आलं.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. सेंटरमध्ये तुम्हाला ‘पन्नास वर्षांचं संशोधन आहे’ असं सांगतील. ते खोटं नाही. पण त्यातलं बरंचसं अपस्मार आणि एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न लागणं, यांवरचं आहे. तुमच्या मुलाच्या बोलण्याबद्दल ते काही सांगत नाही.

पुरावा काय म्हणतो

इथे थोडं सावकाश वाचा, कारण निर्णय याच्यावर उभा राहतो.

ऑटिझमवरच्या सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत बऱ्यापैकी सुधारणा दिसली होती. त्यातल्या काही अभ्यासांत एका गटाला न्यूरोफीडबॅक मिळालं आणि दुसरा गट नुसता थांबून राहिला. फरक पडला का हे पालकांनी प्रश्नावलीत भरलं. आता विचार करा. आठवड्यातून दोनदा मुलाला घेऊन रिक्षानं जाणारी, चाळीस वेळा बाहेर बाकावर बसलेली, पैसे भरलेली आई ‘काहीच फरक नाही’ या रकान्यात खूण करेल का? ती खोटं बोलत नसते. तिला आशा दिसते, आणि आशेच्या नजरेला मूल वेगळं दिसतं. मी तिथे बसलेली आहे, म्हणून सांगते.

नेदरलँड्समधल्या एका गटाचं मला फार कौतुक वाटतं. त्यांच्याच आधीच्या अभ्यासांत चांगले निकाल आले होते, तरी ते तिथे थांबले नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी तीन गट केले. एकाला न्यूरोफीडबॅकची ४० सेशन. दुसऱ्याला तसंच सगळं, पण लहरींऐवजी कातडीवरच्या घामाचं मोजमाप. तिसरा नुसता थांबलेला. न्यूरोफीडबॅकवाल्यांपैकी साधारण निम्म्या मुलांना आपल्या लहरी बदलायला जमलं. पण ऑटिझमची लक्षणं मात्र इतर गटांपेक्षा जास्त कमी झाली नाहीत. लहर बदलली तरी जगणं बदललेलं नव्हतं.

एडीएचडीत तर पुरावा जास्त आहे असं समजलं जायचं. तिथेही अमेरिकेत ७ ते १० वर्षांच्या सुमारे १४० मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. एका गटाला खरं न्यूरोफीडबॅक दिलं. दुसऱ्या गटासमोरचा गेम दुसऱ्याच कुणाच्या आधी रेकॉर्ड केलेल्या लहरींवर चालत होता. पालकांना, मुलांना, शिकवणाऱ्यांना कुणालाच माहीत नव्हतं कोण कुठल्या गटात आहे. २०२१ मध्ये छापून आलेला निकाल असा: दोन्ही गटांतली मुलं चांगली सुधारली, आणि जवळपास सारखीच सुधारली. म्हणजे कुणीतरी नियमितपणे मुलाजवळ बसणं, त्याचं कौतुक होणं, ठरलेलं वेळापत्रक, पालकांनी नीट लक्ष देणं, या सगळ्याचा उपयोग होतो. मशीनचा वेगळा उपयोग दिसला नाही.

ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनं २०१३ मध्ये लिहिलं की ऑटिझम असलेल्या मुलांच्या बोलण्या-भाषेच्या अडचणींसाठी न्यूरोफीडबॅक वापरू नये. सेंटरमधून जे वचन सगळ्यात जास्त दिलं जातं, ‘बोलायला लागेल’, नेमकं त्याच्याबद्दल हे लिहिलेलं आहे.

आशेबद्दल एक जुना प्रसंग. १९९८ च्या सुमारास सीक्रेटिन नावाच्या पचनसंस्थेतल्या हार्मोनच्या इंजेक्शनानं मुलं सुधारतात असा बोलबाला झाला. अमेरिकेत पालक रांगा लावत होते. १९९९ मध्ये नीट चाचणी झाली, काही मुलांना सीक्रेटिन, काहींना मिठाचं पाणी. सुधारणा दोन्हीकडे सारखीच. हे सांगितल्यावरही त्या चाचणीतल्या ६९ टक्के पालकांनी आम्हाला सीक्रेटिनमध्ये अजूनही रस आहे असं सांगितलं. त्या पालकांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण म्हणूनच पुढच्या पायऱ्या थंड डोक्यानं, पैसे भरण्याआधी करायच्या.

पहिली पायरी: आधीची कामं झाली आहेत का

कानांची तपासणी झाली का? साधी हाक मारून नव्हे, ऑडिऑलॉजिस्टकडून, लागली तर बेरा, म्हणजे ऐकण्याची नस नीट काम करते का ते बघणारी तपासणी. डॉक्टरांनी सुचवलेली स्पीच थेरपी आणि ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, सुरू आहे का? शाळेत शिक्षकांना माहीत आहे का? जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या विकासाच्या अडचणींसाठी डीईआयसी म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे जाऊन आलात का? यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं का? राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा असतो आणि त्यात थेरपीच्या खर्चाचाही वाटा आहे. हे सगळं कंटाळवाणं वाटतं, मला मान्य आहे. मीही यूडीआयडीच्या रांगेत रडले आहे. पण मशीनपेक्षा याचा उपयोग जास्त वर्षं होतो.

बोलत नसलेल्या मुलाला संवादाचं दुसरं साधन दिलंत का, हे तर नक्की बघा. चित्रांची कार्डं, नाहीतर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे मोफत अ‍ॅप, त्यात मराठीही आहे. ‘चित्रं दिली तर तोंडानं बोलणारच नाही’ असं शेजारपाजारचे सांगतील. तसं होत नाही. माझ्या मुलानं पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं त्या दिवसापासून त्याचं फ्रीजसमोरचं रडणं थांबलं.

आणि गोव्याचा दाखला तर आपल्या अंगणातला आहे. तिथल्या संगाथ या संस्थेनं, पाकिस्तानातल्या रावळपिंडीत झालेल्या कामाच्या जोडीनं, एक चाचणी केली. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या पालकांना भेटायच्या. पालक मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, तो दोघींनी मिळून बघायचा, मूल कुठे काही सांगू पाहतंय ते ओळखायचं आणि तिथे प्रतिसाद द्यायला शिकायचं. सहा महिन्यांत साधारण बारा भेटी. पालकांचा प्रतिसाद सुधारला, आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. ना टोपी, ना पेस्ट, लागला तो फक्त कॅमेरा. न्यूरोफीडबॅकसाठी दर आठवड्याला जे तीन-चार तास जाणार आहेत ते आधी इथे घालवून बघा, असं मी अगदी कळकळीनं सांगेन.

एक वैद्यकीय गोष्ट. मूल मधेच टक लावून थिजल्यासारखं होत असेल, हाक मारली तरी भानावर येत नसेल, झोपेत हातपाय झटकत असेल, तर त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. त्यासाठीचा ईईजी दवाखान्यात होतो आणि तो न्यूरॉलॉजिस्ट वाचतात. न्यूरोफीडबॅक सेंटरमधलं ‘ब्रेन मॅपिंग’, म्हणजे लहरींचा रंगीत नकाशा, त्याच्या जागी चालत नाही. फिटची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय न्यूरोफीडबॅक सुरू करायचं नाही, आणि सेंटरच्या सांगण्यावरून गोळी कमी तर अजिबात करायची नाही.

दुसरी पायरी: एकच गोष्ट निवडा आणि वही घाला

‘सुधारणा व्हावी’ हे मोजता येत नाही. ‘रात्री दोनदा उठतो ते एकदाच उठावं’ हे मोजता येतं. ‘लक्ष लागावं’ मोजता येत नाही. ‘जेवायला ताटावर पाच मिनिटं बसतो ते दहा मिनिटं बसावा’ हे येतं. निवडायची ती गोष्ट मुलाच्या आणि घराच्या जगण्यात खरोखर फरक पाडणारी असावी. नजरेला नजर देणं, हात न फडफडवणं, असलं काही निवडू नका. हात फडफडवल्यानं माझ्या मुलाचं मन शांत होतं, तो काही कुणाला त्रास देत नाही.

मग सेशन सुरू होण्याआधी निदान तीन आठवडे रोज लिहा. दोनशे पानी साधी वही पुरे. तारीख, किती वाजता झोपला, किती वेळा उठला, आणि शेवटचा रकाना ‘आज वेगळं काय’: ताप, पाहुणे, शाळेला सुट्टी, नवीन औषध, गणपतीतले ढोल. हा शेवटचा रकाना कधीच रिकामा सोडू नका.

का, ते आमच्यावरूनच सांगते. बाराव्या सेशनच्या आसपास मुलगा रात्रभर झोपायला लागला. मी पेढे आणले. सेंटरमध्ये सांगितलं, त्यांनी माझा आनंद फोनवर रेकॉर्डही केला. नंतर वही चाळताना दिसलं की त्याच आठवड्यात शाळा सकाळची होती ती दुपारची झाली होती. पहाटे साडेपाचची झटापट संपली होती. झोप कशामुळे सुधारली हे आज मला सांगता येणार नाही. पण माझा तो व्हिडिओ बघून कुणीतरी फोन केला असेल, ही गोष्ट मला लागून राहिली आहे. म्हणून: थेरपी चालू असताना शक्यतो औषध, शाळा, आहार यांत मोठा बदल करू नका. आणि तुमचे व्हिडिओ काढू देऊ नका, मुलाचे तर नाहीच.

घराबाहेरचं एक माणूस या हिशेबात घ्या, बालवाडीच्या बाई, व्हॅनचे काका, कुणीही. न्यूरोफीडबॅक चालू आहे हे त्यांना सांगू नका. महिन्यातून एकदा फक्त विचारा, ‘सध्या कसा आहे?’

तिसरी पायरी: सेंटरमध्ये बसून विचारायचे प्रश्न

पहिल्या भेटीला पैसे घेऊन जाऊ नका, हा माझ्या नवऱ्यानं शोधलेला उपाय. पाकीट घरी असलं की ‘आज भरलंत तर सवलत’ याला उत्तर आपोआप तयार असतं.

विचारायचं ते हे. सेशन कोण घेणार, आणि त्यांचं मूळ शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक असतो. तो मागायला लाजू नका. मशीन विकणाऱ्या कंपनीचं प्रशिक्षण भिंतीवर टांगलेलं असतं, ते वेगळं. मोठे डॉक्टर पहिल्या दिवशी भेटतात आणि पुढची ३९ सेशन टेक्निशियन घेतात असं बऱ्याचदा होतं, तेव्हा रोज खोलीत कोण असणार ते स्पष्ट विचारा.

मग, कुठली लहर वाढवणार, कुठली कमी करणार, डोक्यावर कुठल्या जागी, आणि माझ्या मुलासाठी तीच का? न्यूरोफीडबॅकचे प्रकार पुष्कळ आहेत. कुणी थीटा-बीटाचं प्रमाण बदलतं, कुणी हालचालीशी संबंधित म्यू लहरींवर काम करतं, कुणी मेंदूच्या दोन भागांतला ताळमेळ बघतं. ऑटिझमसाठी सगळ्यांनी मान्य केलेली एक पद्धत नाही. ‘सॉफ्टवेअर आपोआप ठरवतं’ हे उत्तर मला तरी पुरत नाही.

ब्रेन मॅपिंगचा रंगीत अहवाल समोर ठेवतील. लाल, पिवळी, निळी डोकी. त्यावर बोट ठेवून कुणी म्हणालं की ‘हा बघा ऑटिझम’, तर एवढंच लक्षात ठेवा: ऑटिझमचं निदान वागणूक आणि विकासाचा इतिहास बघून होतं. भारतात प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी आयएसएए ही मोजपट्टीसुद्धा निरीक्षण आणि पालकांशी बोलण्यावरच चालते. रंगीत नकाशावरून ऑटिझम ओळखता येत नाही, आणि नकाशातला लाल ठिपका हिरवा झाला म्हणून मूल बरं झालं असंही होत नाही. आमच्या टेक्निशियननं स्क्रीन माझ्याकडे वळवून ‘बघा मॅडम, किती लाल होतं!’ म्हटलं, तेव्हा मी शेजारी बसलेल्या मुलाकडे बघायचं विसरले. तो कानावर हात ठेवून बसला होता. एसीचा आवाज होत होता.

शेवटी, कुठल्या मुलांना तुमच्याकडे उपयोग झाला नाही, हे विचारा. प्रामाणिक माणूस याचं उत्तर देतो. ‘शंभर टक्के रिझल्ट’ असं ऐकलंत तर नमस्कार करून निघा. त्याच टेबलावर चिलेशन (शरीरातले जड धातू काढायचं औषध), हायपरबेरिक ऑक्सिजन किंवा स्टेम सेलची पत्रकं दिसली तरी निघा. चिलेशनच्या इंजेक्शनानं २००५ मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेल्या एका पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला होता.

चौथी पायरी: मुलाची तयारी

याबद्दल कुणीच सांगत नाही, आणि आमचे पहिले तीन सेशन यातच गेले. डोक्याला टेपनं मापं घेतात, ठरलेल्या जागी केस बाजूला सारतात, कातडी थोडी घासतात, मग चिकट पेस्ट लावतात. केस कापायला चार माणसं लागणाऱ्या मुलासाठी हे काय असेल, विचार करा.

घरी आठवडाभर आधी सराव करा. आमच्याकडे आजीनं मुलाला तेल लावता लावता टाळूवर एका जागी बोट थोडा वेळ दाबून ठेवायला सुरुवात केली आणि ती आकडे म्हणायची, आधी पाचपर्यंत, मग दहापर्यंत. जुन्या मोज्याची पट्टी करून तिनं त्याच्या डोक्याला बांधली, स्वतःच्याही बांधली, आणि दोघं तशीच पोहे खायला बसली. पेस्ट थोडी आधी मागून घ्या आणि त्याला हातावर लावून बघू द्या. सेंटरमध्ये सगळ्यात पहिली भेट नुसती खुर्चीवर बसून घरी यायची ठेवा. टोपी, पेस्ट, कार्टून, केस धुणं आणि घर, अशी पाच चित्रं क्रमानं लावा, म्हणजे हे संपणार आहे आणि कधी संपणार आहे हे त्याला दिसतं. पेस्ट कोमट पाण्यानं निघते. ओला रुमाल बरोबर न्या, नाहीतर रिक्षात सगळा वेळ केस ओढण्यात जातो.

मूल रडतंय, सेन्सर ओढून काढतंय, तरी धरून बसवायचं असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. बोलता न येणाऱ्या मुलाचा नकारही नकारच असतो. शिवाय रडणाऱ्या मुलाच्या डोक्यावरून काही नीट मोजलंही जात नाही. ते का, ते आता सांगते.

पाचवी पायरी: सेशन चालू असताना काय बघायचं

मघाचा मायक्रोव्होल्टचा आकडा आठवा. मेंदूची वीज इतकी क्षीण असते की पापणी मिटली, दात खाल्ले, मान ताणली, की स्नायूंची आणि डोळ्यांची वीज तिच्यावर सहज मात करते. यंत्र ते सगळं मिळूनच वाचतं. चांगलं सॉफ्टवेअर आणि जागरूक माणूस स्नायूंचा गोंगाट ओळखून तेवढ्यात बक्षीस थांबवतो. निष्काळजी असेल तर मूल दात खातं आणि यंत्र शाबासकी देतं.

म्हणून खोलीत बसायची परवानगी मागा. सेन्सर लावल्यावर टेक्निशियन संपर्क नीट आहे का ते तपासतो का? स्क्रीनवर त्याचा आकडा दिसतो. मूल हललं की तो काही करतो, की मोबाईल बघत असतो?

मी बसले, तेव्हा एक गंमतीशीर गोष्ट दिसली. मुलानं कॉलर चावली की कार्टून थांबायचं. त्यानं हे चार-पाच सेशनमध्ये ओळखलं. कार्टून हवं असेल तर तो कॉलर सोडायचा, जबडा सैल करायचा. घरीही कॉलर कमी ओली होऊ लागली. मला याचा आनंद आहे, खोटं का बोलू. पण तो कदाचित जबडा सैल सोडायला शिकला असेल, आणि ते शिकवायला ओटीच्या ताईंकडे चघळायची रबरी माळ आणि दोन व्यायाम होते, बरेच स्वस्त.

सेशननंतर डोकेदुखी, थकवा, चिडचिड, झोप बिघडणं असं काही मुलांना होतं. वहीत लिहा आणि सांगा. ‘आधी वाढतं, मग कमी होतं’ असं म्हणून दोन-तीन आठवडे तसंच रेटू नका, थांबा आणि विचारा.

घरी वापरायचे हेडबँड आणि अ‍ॅप ऑनलाइन मिळतात. लहान, हलणाऱ्या मुलाच्या कपाळावर बसवलेला कोरडा सेन्सर बहुतेक वेळ स्नायू आणि पापण्याच वाचेल. ते पैसे वाचवा.

सहावी पायरी: पैसे आणि थांबण्याची तारीख

बहुतेक ठिकाणी आठवड्याला दोन-तीन आणि एकूण २० ते ४० सेशनचं पॅकेज सांगतात. हिशेब घरी मांडा. उदाहरणादाखल एका सेशनचे १५०० रुपये धरले तर ४० चे ६०,००० होतात. त्यात जाण्यायेण्याचा खर्च, कुणाचा तरी अर्धा पगार, आणि ब्रेन मॅपिंग पुन्हा करायचे वेगळे पैसे मिळवा. त्यासाठी स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदाची एकदा करावी लागणार असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

पॅकेज एकदम भरू नका. दहा-दहा सेशनचे पैसे द्या आणि मधे सोडलं तर उरलेले परत मिळतील का, हे लेखी घ्या. आम्ही ४० चे एकदम भरले होते. सोळा सेशनचे पैसे परत मिळाले नाहीत. ‘ते दुसऱ्या थेरपीत वळवून घ्या’ असं सांगण्यात आलं.

पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर थांबून विचार करण्याची तारीख लिहा. मी विसाव्या सेशनची सांगेन. त्या दिवशी आधीचे तीन आठवडे आणि शेवटचे तीन आठवडे वहीत शेजारी शेजारी ठेवा. तुम्ही निवडलेली ती एकच गोष्ट बघा. बालवाडीच्या बाई काय म्हणाल्या ते बघा. सेंटरचा नवा रंगीत नकाशा त्या दिवशी उघडायचाच नाही. फरक दिसत नसेल तर थांबा. ‘अजून दहा केले तर बसेल’ हे दर वेळी सांगता येतं, अगदी शंभराव्या सेशनलाही. फरक दिसत असेल तर दोन-तीन आठवडे सुट्टी घ्या आणि वही चालू ठेवा. थांबल्यावरही फरक टिकला तर मग पुन्हा पैसे भरायची घाई कशाला?

आमची तारीख उशिरा आली, चोविसाव्या सेशनला. त्या संध्याकाळी मी आणि नवरा ओट्यापाशी उभं राहून वही वाचत होतो. झोपेचा रकाना शाळेच्या वेळेवर गेला, जबड्याचा ओटीवर, आणि शब्द तेवढेच होते. सहा. मुलाच्या चित्रांच्या तक्त्यावरून मंगळवार आणि शुक्रवारचं टोपीचं चित्र काढायचं ठरलं. ते त्यालाच काढायला सांगितलं. त्यानं वेल्क्रो फर्रकन ओढला, चित्र माझ्या हातात दिलं आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिला. तिथे आता पोहण्याच्या तलावाचं चित्र आहे. दोन्ही दिवस बाबा घेऊन जातात. वही अजून चालू आहे.